डाव्या तळहातावर

पालमला आमचं किराणा दुकान. मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा आवाज असा, की गिऱ्हाईक अजून स्टँडवर असलं तरी त्याला हाक पोचायची. लकवा मारला आन् हात, पाय, जीभ सगळंच गेलं. उरले फक्त डोळे. मग मी अक्षरांच्या रांगा म्हणते, क, च, ट, त, प... रांग आली की ते पापणी मिटतात, मग त्या रांगेतलं अक्षर शोधायचं. चहा मागेपर्यंत चहा गार!

लेकीनं मोबाइलवर दाखवलं. परदेशातली एक बाई, अशीच पडून. तिच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या, आता ती मनात बोलते आन् कॉम्प्युटर मोठ्यानं बोलतो. हैदराबादच्या दवाखान्यात तसाच प्रयोग सुरू व्हायचाय म्हणे. मालकांनी ते परत परत लावायला लावलं. मी मात्र नकोच म्हणाले. डोक्याचं हाड कापायचं! आहेत ते डोळे गेले, तर मी कुणाशी बोलू?

तरी गेलो. आधी यंत्रात घालून डोक्याचा फोटो काढायचा होता. तिथला माणूस म्हणाला, "अम्मा, वो गले का निकालो. अंदर नै चलता."

मालकांच्या गळ्यातलं म्हणजे चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. आमच्या लिंगायतांत ते जन्मापासून अंगावर, मातीतसुद्धा सोबत जातं. अंगावेगळं झालं म्हणजे माणूस गेला, असंच ऐकत आले मी. मी डबी घट्ट धरली.

"न्हाई काढणार. चला घरी."

लेक म्हणाली, "माय, रोज पूजेला तूच काढतीस की!"

"तवा ते माझ्यासमोर असतात गं. या नळकांड्यात गेल्यावर कोण बघायलंय?"

मालकांच्या पापण्या फडफडायला लागल्या. मी चिडूनच रांगा म्हटल्या. 'ह' आला. मग 'त'.

"हात? तुमचा?" डोळे हलले न्हाईत. "माझा?" पापणी मिटली.

पूजेला लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं. त्यांचा हात गेल्यापासून ते माझ्याच तळहातावर असतं, त्यांच्या डोळ्यांपुढं. मी डबी सोडली, लिंग हातावर घेतलं आन् बाहेर बाकड्यावर बसले. आत पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज. हात बधिर झाला, पण बोटं मिटली न्हाईत. मिटली तर काय होईल, हेच भ्या.

ते बाहेर आले. डोळे उघडे होते. दोरा बांधताना माझी गाठच बसेना.

फोटो बघून डॉक्टर म्हणाले, बसवता येईल, पण धोका हाय, यांची इच्छा विचारा. माझं विचारणं पुरं व्हायच्या आतच पापणी मिटली.

"वो, विचार तरी करा की!"

परत मिटली.

"किती वेळ लागतो आपरेशनला?" मी डॉक्टरांना विचारलं.

"दिवस जातो, मावशी."

भीती काही गेली न्हाई. आता सकाळची पूजा झाली तरी मी हात खाली घेत न्हाई. दुखेपर्यंत तसाच धरून बसते, रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त वेळ. मालक बघत असतात.