मन्मथअप्पांचा रंधा

उदगीरच्या बाजारात मन्मथअप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, कड्या, बिजागऱ्या विकता विकता त्यांना सुतारकामाच्या हत्यारांचं वेड लागलं. नवा रंधा आला की ते तो गिऱ्हाइकाला दाखवायचेच नाहीत. आतल्या खोलीत तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवायचे. मुंबईहून सुतारकामाची पुस्तकं मागवायचे आणि दुपारी गल्ल्यावर बसून वाचायचे. कुठलं लाकूड कसं फाटतं, कुठला जोड कुठं बसतो, सगळं तोंडपाठ. पण स्वतः लाकडावर करवत कधी चालवलेली नव्हती.

त्यांचा दोस्त खाजामियाँ सुतार हसून म्हणायचा, "अप्पा, तुमच्या पटाशीला अजून लाकडाची चव न्हाई कळली."

"थोडं वाचायचं राहिलंय. मग बघ," अप्पा म्हणायचे.

लातूर नवा जिल्हा झाला आणि कचेऱ्यांच्या टेबल-खुर्च्या करायला आसपासचे सुतार तिकडं गेले. खाजामियाँही गेला. त्यातच पाऊस रुसला. गल्लीतली विहीर तळाला गेली. लांब दोराच्या ओझ्यानं एके सकाळी रहाटाचं आडवं लाकूड मधोमध मोडलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन अप्पांच्या दारात आल्या.

"एवढी हत्यारं हायत घरात," भामाबाई म्हणाली. "तुमीच करा की."

अप्पा 'नाही' म्हणणार होते. पण बायको, गौरम्मा, दारातूनच त्यांच्याकडं बघत होती. ते हत्यारं काढायला आत गेले.

दुष्काळात लोकांनी तोडलेल्या बाभळी जागोजागी पडल्या होत्या. त्यातलं एक वाळकं लाकूड आणलं. सगळी हत्यारं चटईवर मांडली, पुस्तक उघडलं, पट्टीनं खुणा केल्या. टोक तासलं, ते विहिरीवरच्या खांबाच्या खाचेत सैल पडलं. दुसरं लाकूड आखूड झालं. रंध्याचं पातं गाठीवर आपटून त्याचा तुकडा उडाला. अप्पा खाली बसले. हाताला फोड आले होते, डोळे भरून आले.

"लई दुखतंय?" गौरम्मानं विचारलं.

"हाताचं न्हाई. मला वाटायचं, मला येतं."

"मग आता येऊ द्या," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

तिसऱ्या लाकडाला त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं. टोक जरा जाडच ठेवलं. लाकूड खांद्यावर घेऊन विहिरीवर जायचं, खाचेत घालून बघायचं, तिथंच बसून चार ढलप्या काढायच्या, पुन्हा घालायचं. सूर्य कलला तेव्हा लाकूड घट्ट बसलं. तिरकं होतं, कुरकुरतही होतं. पहिली घागर भामाबाईनं ओढली. अर्धीच भरली होती, पण वर आली.

खाजामियाँ सणाला घरी आला तेव्हा तडक विहिरीवर गेला. लाकडावर हात फिरवून म्हणाला, "अप्पा, वाकडं हाय."

"हाव. दिसतंय मला."

"टिकंल पन."

नंतरही अप्पांचं वाचन सुटलं नाही, पण वाचलेलं ते करून बघायला लागले. घरात पाट झाले, घागरी ठेवायला डुगडुगणारी एक घडवंची झाली. उन्हाळ्यात दुकान गौरम्माकडं सोपवून ते खाजामियाँबरोबर लातूरला गेले. तिथं महिनाभर टेबलांना घासकागद मारला. परत आले तेव्हा केसांत भुसा होता, आणि गौरम्मानं तो झाडायला सांगितलं तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी झाडला नाही.