आदर्श बालनागरिकाचा पुरावा

आमच्याकडे दर सव्वीस जानेवारीला प्रत्येक प्राथमिक शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला 'आदर्श बालनागरिक' म्हणून प्रमाणपत्र मिळतं. आजूबाजूच्या आठ-दहा गावांच्या शाळा मिळून एक केंद्र, अन् त्या केंद्राचे एक साहेब. प्रस्ताव शाळेनं पाठवायचा, निवड साहेबांनी करायची. आता प्रस्ताव म्हणजे काय, तर मुलाच्या पाच सत्कार्यांचे पाच फोटो, प्रत्येकाखाली दोन ओळी, अन् सगळं केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. केंद्राकडून येणाऱ्या पत्रात खाली ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, पुराव्याशिवाय प्रस्ताव ग्राह्य धरला जाणार नाही. चोरी पकडायची आहे की चांगुलपणा शोधायचा आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

मी अमरावतीला राजापेठेत राहते अन् सकाळच्या बसनं धामणगाव रेल्वेच्या अलीकडच्या एका खेड्यात शिकवायला जाते. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. एक मी अन् एक मुख्याध्यापक. वीस वर्षं झाली नोकरीला. त्यातली पहिली काही वर्षं मी शिकवलं अन् नंतरची फोटो काढण्यात गेली. खिचडीचा फोटो, हात धुण्याचा फोटो, झाडाचा फोटो, झाड जगलं याचा फोटो. पण ते सगळं परवडलं. या बालनागरिकापायी मात्र माझं डोकं फिरतं.

कारण पोरं हुशार असतात हो. एकदा कळलं की फोटो लागतो, की संपलं. दोन वर्षांपूर्वी एका पोराच्या आईनं घरून थैलीभर कागदाचे कपटे आणले, शाळेच्या आवारात पसरले, पोराच्या हातात झाडू दिला अन् मोबाइल काढला. फोटो झाल्यावर दोघं निघून गेली. कपटे तिथंच. मी वेचले. त्याच वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी पारावर बसणाऱ्या एका म्हातारबाबांना पोरांनी चार वेळा रस्ता ओलांडायला लावला. चौथ्या वेळी बाबांनी काठीच उगारली, "काऊन बे! मले तिकडं जायाचंच नाई तं कायले ओढून रायले?" तो फोटोही ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, वृद्धांची सेवा. काठी फोटोत नीट दिसत होती. साहेबांनी अंगठा दिला, अन् कपट्यांवाल्या पोराला प्रमाणपत्र.

तर हे असं. अन् दुसरीकडे आमच्याच शाळेत एक पोरगी होती. घरी दोन एकरात झेंडू-शेवंती, आई धामणगावच्या बाजारात फुलं घेऊन बसायची, घरात एकच फोन अन् तोही बटनांचा. पोरगी काळीसावळी, बोलायला रोखठोक, अभ्यासात बेताची. नळ चालू दिसला की ती बंद करायची. परिपाठाला पहिलीतली पोरं रांगेत नीट उभी राहत नाहीत, तर मागून जाऊन त्यांचे खांदे सरळ करायची. कुणाची चप्पल तुटली की स्वतःची देऊन आपण अनवाणी. हे सगळं ती इतकं न बोलता करायची की तीन वर्षं मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. चौथीत आली तेव्हा एकदम ध्यानात आलं, अगं बाई, ही पुढच्या वर्षी जाणार, अन् हिला आपण कधी एक कागद दिला नाही. यंदा प्रमाणपत्र हिलाच, असं मी मनाशी पक्कं केलं. जिद्दच धरली म्हणा ना.

मी तिला बोलावून विचारलं, "चांगली कामं करतेस त्याचे फोटो आहेत का गं?"

"कोनती कामं, मॅडम?"

"अगं, नळ बंद करतेस, लहान्यांना सांभाळतेस."

"ते काय काम हाय का?" ती म्हणाली, अन् माझ्याकडे अशी पाहायला लागली की मलाच कसंतरी झालं.

मग फोटो मीच काढायचे ठरवले. काय सांगू, कठीण काम. कॅमेरा दिसला की ती ताठ उभी राहायची. नळाशी उभी केली तर नळाकडे न पाहता माझ्याकडे पाहायची. "मॅडम, नळ तं बंदच हाय, मंग कायले बंद करू?" म्हणून मी आधी नळ चालू करायचा अन् मग तिनं बंद करायचा. म्हणजे मीही त्या कपट्यांवाल्या बाईच्याच रांगेत जाऊन बसले. कसेबसे चार फोटो झाले. पाचवा काही होईना, अन् प्रस्तावाचा शेवटचा दिवस येऊन ठेपला.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. पहिलीत एक लहानशी पोरगी होती. तिची आई भल्या सकाळी कापूस वेचायला जायची, ही आपली आपण तयार होऊन यायची. परिपाठ चालू असताना तिनं कपडे ओले केले. कुणाच्या लक्षात येण्याआधी चौथीतल्या माझ्या पोरीनं तिला धरून शाळेमागच्या नळावर नेलं. मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं. हिनं स्वतःचा स्वेटर काढून तिला घातला होता, तो तिच्या पावलांपर्यंत आला होता. लहानी उभी राहून रडत होती अन् ही बर्फासारख्या पाण्यात तिचा फ्रॉक खळखळ धूत होती. धुता धुता तिला काहीतरी सांगत होती, अन् लहानी रडता रडता मान हलवत होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. अन् त्याच वेळी माझ्या मेलीच्या डोक्यात आलं, हा पाचवा!

खिडकीच्या गजातून मी फोटो काढला. दोघींना पत्ता नाही. फोटो इतका सुरेख आला की आधीचे चारही त्याच्यापुढे फिके. लहानीचं तोंड, गालावरचे ओघळ, सगळं स्वच्छ. दुपारी मी त्याच्याखाली दोन ओळी लिहिल्या : इयत्ता पहिलीतील विद्यार्थिनीने कपडे ओले केल्यावर तिचे कपडे धुऊन देताना. माझ्याच हातांनी लिहिलं, शुद्धलेखन तपासलं अन् ग्रुपवर पाठवलं. दहा मिनिटांत अंगठे अन् हात जोडलेली चित्रं यायला लागली. साहेबांनी लिहिलं, अप्रतिम. मी बसमध्ये घरी येईपर्यंत ते सगळं पुन्हा पुन्हा वाचत होते.

प्रमाणपत्र तिलाच जाहीर झालं. आमचे मुख्याध्यापक असे खूश झाले की त्यांनी शाळा समितीच्या अध्यक्षांना सांगून धामणगावहून फ्लेक्स छापून आणला. पाचातला कोणता फोटो घ्यायचा हे त्या छपाईवाल्यानंच ठरवलं. सव्वीस जानेवारीला सकाळी मी पोचले तर फाटकावर हा एवढा मोठा फ्लेक्स. वर अभिनंदन, मधोमध नळावरचा फोटो, अन् खाली माझ्या त्या दोन ओळी जशाच्या तशा. मी तो उतरवायला सांगणारच होते. पण समोरून पोरीची आई येत होती. फुलांना सणासुदीचा भाव असतो त्या दिवशी बाजार सोडून आली होती बिचारी, नवं लुगडं नेसून. ती फ्लेक्सपुढे उभी राहिली अन् पदरानं डोळे पुसायला लागली. मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "कसा झाला, मॅडम?" मी म्हणाले, "छान झाला." तिथंच बोलायचं होतं मला. नाही बोलले.

पहिलीच्या पोरांना तेव्हा जोडाक्षरं येत नव्हती. त्यामुळे त्या लहानीला स्वतःचा फोटो तेवढा दिसला अन् ती आधी चक्क हसली. मग तिसरीतल्या एकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. काय ठणठणीत वाचलं! वाचनाचे सगळे तास त्यानं कारणी लावले. झेंडावंदनाचा शिरा वाटून होईपर्यंत तिचं नाव पडलं होतं, 'ओली'. प्रमाणपत्र घेताना चौथीतली पोरगी टाळ्यांत उभी होती, अन् तिची नजर सारखी पहिलीच्या रांगेत कुणाला तरी शोधत होती. लहानी केव्हाच घरी पळाली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथीतली माझी आदर्श बालनागरिक मात्र रोज परिपाठ संपल्यावर धापा टाकत यायला लागली. मी एक-दोनदा रागावले, "प्रमाणपत्र मिळालं म्हणून उशिरा यायचं का?" तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मी तिच्या घरी जाऊन रायली न रोज. थे येतच नाई. फाटकावर मी हाय म्हनते, मले लाज वाटते म्हनते." अन् दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "तिची आई म्हनते, नसन येत तं नेतो संगं वावरात."

म्हणजे सहा वर्षांची पोरगी आता आईबरोबर वावरात कापूस वेचायला जाणार. का? तर आम्हाला चांगुलपणाचा पुरावा हवा होता.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, फ्लेक्स काढा."

"अवं मॅडम, पुढच्या आठवड्यात साहेब येनार हायेत. फ्लेक्ससंगं फोटो लागते त्यायले."

"ती पोरगी शाळेत येत नाही त्याच्यापायी!"

"येईन दोन दिवसात. लेकरं इसरतात."

माझा ताबा सुटला. स्वयंपाकवाल्या बाईंचा विळा घेतला, खुर्ची ओढत फाटकापर्यंत नेली अन् तारांना बांधलेल्या सुतळ्या कापल्या. मुख्याध्यापक मागून ओरडत होते, "मॅडम, शाळेची वस्तू हाय ते!" मी वरून म्हटलं, "मग पाठवा माझा प्रस्ताव. फोटो काढून घ्या, पुरावा लागेल." फ्लेक्सची घडी होईना. तसाच चुरगळून कपाटामागे कोंबला. राग त्यांचा होता तेवढाच स्वतःचाही होता.

शाळा सुटल्यावर पोरगी थांबली. म्हणाली, "मॅडम, फ्लेक्स तं गेला. पन थे सकाळीच इचारत होती, मॅडमच्या फोनात हाय का म्हनून. फोनातला बी मिटवा नं. मंग येतो म्हनते."

मी तिच्यासमोर फोन काढला, फोटो शोधला अन् मिटवला. ती वाकून पाहत होती.

"सगळीकून गेला नं, मॅडम?"

ग्रुपवर तो दीड महिन्यापासून होता. तिथून आता तो माझ्यानं निघणार नव्हता, हे मला माहीत होतं. तिथून कुठं कुठं गेला असेल, देव जाणे. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला घाई होती, अंधार पडायच्या आत लहानीच्या घरी जाऊन सांगायचं होतं.

मी म्हणाले, "हो गं. सगळीकडून गेला."

ती धावतच सुटली. बसमध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं, हे खरं करून टाकायचं. साहेबांना फोन लावला. म्हटलं, "सर, त्या फोटोबद्दल बोलायचं होतं. तेवढा ग्रुपवरून काढता आला तर बघा. लेकराला त्रास होतो आहे."

"कोनता, नळावरचा?" साहेब मोठ्यानं हसले. "अवं मॅडम, काऊन काहाडता? काय फोटो हाय थो! म्या तं कालच सगळ्या केंद्रायले पाठवला, नमुना म्हनून. म्हनलं, पुरावा असा पाह्यजे. आता अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जाते का नाई पाहा तुमच्या शाळेचं नाव!"

पुढे ते बरंच बोलत होते. कंडक्टर तिकीट मागत होता, त्याला दोनदा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधीच दोघी आल्या. मोठीनं लहानीचा हात घट्ट धरला होता. फाटकाशी लहानी थांबली, मान वर करून रिकाम्या तारांकडे पाहिलं, मग आत आली. थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वेणी मोठीनंच घातलेली दिसत होती, घट्ट अन् वाकडी.

"दाखवा," ती म्हणाली.

मी फोन उघडून तिच्या हातात दिला. ती एक एक फोटो सरकवत गेली. खिचडी, हात धुणं, झाडं, झेंडावंदन. बोटाला थुंकी लावून पुस्तकाची पानं उलटावीत तशी सरकवत होती. मला वाटत होतं, हिला आत्ता सांगावं. काय सांगावं पण? सांगितलं तर ती उलट्या पावली जाणार अन् उद्यापासून वावरात. नाही सांगितलं तर ही मोठी पोरगी माझ्या शब्दावर हिला इथं घेऊन आलेली.

फोटो संपले. लहानीनं फोन परत दिला अन् मोठीकडे पाहून म्हणाली, "नाई हाय, ताई."

"पाह्य नं," मोठी तिला म्हणाली, "म्या म्हनलं नव्हतं? आपल्या मॅडम खोटं नाई बोलत."