काम काय लिहू?

ज्याचं नाव मी दर जुम्म्याला स्वतःच्या हाताने लिहिलं, त्याचं नावच आता आठवत नाही. अमिरातीतल्या फुजैऱ्यात विहिरी खोदणाऱ्या आमच्या कॅम्पवर तो स्वित्झर्लंडहून आलेला इंजिनिअर. मी रत्नागिरीचा, गेटवर रजिस्टर लिहायचो. नाव, वेळ, काम.

शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी कॅम्प घोरत असायचा आणि हा जाड बूट चढवून मागच्या बोडक्या डोंगराकडे निघायचा.

"साहेब, काम काय लिहू?"

"काही नाही. चढायचं, उतरायचं."

असं कसं लिहिणार? मी 'पाहणी' लिहायचो. वर नक्कीच काहीतरी असणार, अशी माझी खात्री.

एका जुम्म्याला चपला घालून त्याच्यामागून चढलोच. वर नुसते दगड आणि वारा. त्याने दगडांतून बिस्किटांचा डबा काढला. आत वही, पानोपानी त्याचंच नाव.

"आमच्याकडे शिखरावर पोचेल तो नाव लिहितो," म्हणत त्याने मला पेन्सिल दिली.

मी सवयीने नाव लिहिलं, वेळ लिहिली. काम: 'साहेबांच्या मागून'. तो पोट धरून हसला.

तो मायदेशी गेला, त्यानंतरच्या जुम्म्याला मी एकटाच निघालो. रजिस्टरात माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि तिथेच अडलो. 'पाहणी' हे खोटं होतं, आणि खरं काय ते मलाच ठाऊक नव्हतं.