दुसऱ्याचं गाऱ्हाणं

जिजीकडं भांडण घेऊन गेलं की ती पहिल्यांदा सूप पुढं सरकवायची. दोन्ही बाजूंनी एकाच सुपाभोवती बसायचं आणि बियाण्याच्या शेंगा फोडायच्या. मोसम नसला तर चिंचा. "हात मोकळं आसलं की मानूस हातवारं करून भांडतंय," असं तिचं म्हणणं. पाटाच्या पाण्याची पाळी असो की बांधाची कटकट, बारामतीच्या कोर्टाआधी आमच्या गावची माणसं जिजीची ओसरी चढायची. तिचं बियाणं आपसूक फोडून व्हायचं, हेही ती लपवत नसे.

दुसरा नियम त्याहून अवघड. आपलं गाऱ्हाणं नंतर. आधी समोरच्याचं सांगायचं, आणि तो "व्हय, हेच" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. भलेभले इथंच घामाघूम व्हायचे. दोन सख्खे भाऊ एकदा सबंध दुपार बसले, तेव्हा कुठं धाकट्याला थोरल्याचं दुखणं सांगता आलं. जिजी गावचीच लेक. भावाच्या घराला लागून एका खोलीत एकटी राहायची. का, ते आम्ही पोरींनी कधी विचारलं नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले, मुलगी झाली. बारशाला इंदापूरकडून सासरचं कोणीच आलं नाही. आत्याच नाही, मग नाव कोण ठेवणार? माझे वडील, आबा, संतापले. "न्यायला येत्याल तवाच पोरगी धाडीन." सासऱ्यांचा उलटा निरोप, "आनून सोडा, न्हायतर ठिवून घ्या." दोन्हीकडं मान आडवा आला आणि मधे मी. मुलगी रांगायला लागली तरी कोणी हलेना. मला नवऱ्याची फार आठवण यायची, पण बोलायची सोय नव्हती. आबा वकिलाची भाषा बोलू लागले तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मी मुलीला काखोटीला मारलं आणि सरळ जिजीकडं गेले.

तिनं इंदापूरकडं निरोप धाडला, "न्यायला न्हवं, सोडायला न्हवं, शेंगा फोडायला या." सासरे आले, नवरा आला. नणंदही आली, पण रुसून बाहेर गाडीतच बसून राहिली.

"आबा, पाव्हण्यांचं गाऱ्हाणं सांग," जिजी म्हणाली.

"त्यांचं कसलं गाऱ्हाणं? पोरगी झाली म्हनून त्वांड फिरवलं त्यांनी."

सासऱ्यांचा हात थांबला. "पोरगी झाली म्हनून? आवो, आमी पाळणा करून ठिवलाय घरी!"

"हे तुझं झालं, आबा. त्यांचं सांग."

आबांनी मूठभर शेंगा पुढं ओढल्या. मग खाली बघून म्हणाले, "बारशाचं बोलावणं मी बाजाराला निघालेल्या गड्याच्या हाती धाडलं. घरचं मानूस गेलं न्हाय. त्या दिशी उसाला पाण्याची पाळी व्हती."

"व्हय, हेच," सासरे म्हणाले. "आन् तुमाला वाटलं, आमाला नात नगं. कुनालाबी लागंल."

नवऱ्यानं तोवर मुलीला मांडीवर घेतलंही होतं. जिजीनं नणंदेला हाताला धरून आत आणलं आणि तिथंच नाव ठेवून घेतलं.

त्याच दिवशी मी सासरी निघाले. मी गाडीत चढताना जिजीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या येळंला हेच झालं, पोरी. त्यांनी न्यायचं का आमी सोडायचं, ह्यातच माझं समदं वय गेलं." मला रडू फुटलं. पुढं बसलेल्या सासऱ्यांनी ते ऐकलं असावं. बैल हाकायच्या आधी त्यांनी एकदा वळून जिजीकडं पाहिलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांनी बैल जुंपले आणि कोणाला काही न सांगता निघून गेले. दुसऱ्या दिवशी गाडी दारात आली, तर आत जिजी! नवं लुगडं, मांडीवर गाठोडं.

"हाक मारायच्या आदीच चढून बसली," सासरे हसत म्हणाले.

"मग?" जिजी म्हणाली. "न्यायला आल्यावर बसायचं न्हाय व्हय?"