दोनाचा घात आणि सकाळची गाडी

आमच्या घरात पत्रकांची कधी टंचाई नव्हती. माझे वडील, अण्णा, दौंडला रेल्वेत कामाला होते आणि ड्युटी संपली की चळवळीची पत्रकं छापायला छापखान्यात. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘जाहीर निषेध’ या शब्दांवरून. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची. त्यामुळे माझ्या बीजगणिताच्या मागच्या बाजूला कायम कुणीतरी संतापलेलं असायचं.

अकरावीला मी शिरूरच्या कॉलेजात जायची. आमचं गाव तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर, आणि शिरूरला सकाळी वेळेत पोचवणारी एसटीची गाडी एकच. एक दिवस कंडक्टरमामा तिकीट फाडता फाडता म्हणाले, “पोरींनो, गाडी बंद व्हायच्या बेतात हाय. पंधरा दिवसांनी सोमवारी साहेब येनार माणसं मोजायला. ही एवढीच टाळकी दिसली की संपलंच.”

टाळकी म्हणजे आम्ही. पोरगे सायकलवर नाहीतर दुधाच्या टेम्पोला लटकून जायचे. पोरींना तसं कोण पाठवणार? गाडी बंद म्हणजे आमचं कॉलेज बंद, आणि कॉलेज बंद म्हणजे दिवाळीनंतर पाहुणे बघायला यायला सुरुवात.

अण्णा लगेच पत्रकाला लागले. पण त्याच आठवड्यात वर्गात घातांकी फंक्शन सुरू झालं होतं आणि माझ्या डोक्यात ते बसलं होतं.

“अण्णा, पत्रक नको. आज मी दोघांना सांगते. उद्या ते दोघं आणखी दोन-दोन नव्या माणसांना सांगतील. दोन, चार, आठ, सोळा. दहाव्या दिवशी एका दिवसात हजारावर माणसांना कळेल.”

“आन् आख्ख्या गावाला कवा कळंल?”

“तेच उलटं विचारलं की त्याला लॉग म्हणतात. दिवस सांगितले की माणसं सांगायची हे एक फंक्शन. माणसं सांगितली की दिवस सांगायचे हे त्याचं उलटं.”

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. “चळवळीत असलं काय नसतं,” म्हणाले, आणि निषेधाला तिसरं उद्गारचिन्ह लावलं.

मी माझं सुरू केलं. साहेब येणार त्या सोमवारी सकाळच्या गाडीनं शिरूरला चला, एवढाच निरोप. एक आईला सांगितला, एक शेजारच्या काकूला. पाचव्या दिवशी मी विहिरीवर होते, तर आत्या धापा टाकत आली.

“अगं, तुला कळलं का? सोमवारी समद्यांनी गाडीला जायचंय! आन् ऐक, तूबी दोघांना सांगायचंस. तसा नेमच हाय म्हनं.”

मी कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत तोच निरोप मला आणखी तिघांनी दिला. आमच्या वस्तीत प्रत्येकाला तो तीन-तीनदा पोचला होता आणि रस्त्यापलीकडे, वरच्या आळीत, एकालाही नाही. आमच्या गावात बातमी चहाच्या कपाबरोबर फिरते. ज्याच्या घरी चहा घेतो, त्यालाच सांगतो. वरच्या आळीत आमची माणसं कामाला जायची. चहा घ्यायला कुणी बोलवत नव्हतं. मी ‘नव्या माणसांना’ म्हटलं होतं, पण नवं माणूस शोधायचं तर रस्ता ओलांडायला लागतो, हे माझ्या सूत्रात कुठंच नव्हतं. समतेवर तावातावानं भाषण करणारी मी, आणि माझाच हिशोब वस्तीच्या आत गोल फिरत होता!

दुसऱ्या दिवशी गाडीत मी मागची सीट सोडली आणि पुढं बसणाऱ्या, वरच्या आळीतल्या बागायतदारांच्या पोरीशेजारी जाऊन बसले. एकाच वर्गात असून आम्ही तोवर फक्त पेनाच्या रिफिलीबद्दल बोललो होतो. मी सोमवारचा सगळा बेत सांगितला.

“तुमच्यात कवापासनं ठावं हाय?”

“पाच-सहा दिवस झाले.”

“आन् मला आत्ता सांगतीस व्हय? माझं कॉलेज काय फुकटचंय?”

मी दप्तरातून नवी रिफील काढून तिच्यापुढं धरली.

“राहू दे,” ती म्हणाली. “आमच्या आबांना सांगते, ‘कुणाला सांगू नका’ म्हनून. सांजच्याला समद्या आळीला कळतंय बघ.”

सोमवारी थांब्यावर जत्रा भरली होती. धोतरवाले आबा, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, दोन शेळ्या. अण्णा दौंडहून पत्रकांचा ताजा गठ्ठा घेऊन आले, तर लोक आधीच जमलेले. बायांनी पत्रकं अंथरली आणि त्यावर बसल्या.

साहेब जीपमधून उतरले आणि बावचळले. “हे कुणी जमवलं? म्होरक्या कोण?”

धोतरवाल्यांतले एक आबा म्हणाले, “मला ह्या दोघांनी सांगितलं.” त्या दोघांना आणखी चौघांनी. त्या चौघांपैकी एकाला पुन्हा ह्याच आबांनी. साहेब माग काढत काढत गर्दीला पूर्ण वळसा घालून आले आणि शेवटी एका बाईनं सरळ कंडक्टरमामांकडे बोट केलं.

“मला बी सांगितलं साहेब,” मामा म्हणाले. “कुनी, ते आता कसं सांगू? रोज चार जन सांगत्यात.”

गणिताच्या सरांनी वर्गात सांगितलेलं मला तेव्हा कळलं. अनेक वाटा एकाच फाट्याला मिळाल्या, की फाट्यावरच्या माणसाकडे बघून तो कुठल्या वाटेनं आला ते सांगता येत नाही. अशा फंक्शनला उलटं नसतं. माझा हिशोब ज्या गोष्टीनं बिघडला होता, तिनंच मला लपवलं. अण्णा मात्र म्होरक्या व्हायला उत्सुकतेनं पुढं सरकत होते. आईनं त्यांचा शर्ट मागून धरून ठेवला.

साहेबांनी घाम पुसला. “गाडी चालू राहील. लिहून घ्या,” ते कारकुनाला म्हणाले. “पण आता ही शेळी गाडीतून खाली उतरवा.”

शेळी उतरली, तिच्या जागी तिघं चढले. मामांनी डबल बेल दिली. गाडी एका अंगाला कलून निघाली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

थांब्यावर मी आणि बागायतदारांची पोरगी अशा आम्ही दोघी उरलो. आम्हाला पायरीवरसुद्धा जागा मिळाली नव्हती. पहिला तास बीजगणिताचा होता.

“पुढच्या खेपेला,” ती दप्तरावर बसत म्हणाली, “ज्यानं त्यानं एकालाच सांगायचं.”

“एकाचा कितवाही घात केला तरी एकच येतो.”

“मग बरंय की. बसायला तरी मिळंल.”