राखाडी खोली, रंगेल माणसं

रंगाचं काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी जिना चढून वर येतात. आवाजाच्या बाबतीत माणूस एकवेळ म्हणेल, ‘मला त्यातलं कळत नाही.’ पण रंगाच्या बाबतीत? देवानं प्रत्येकाला दोन डोळे दिलेत आणि त्या दोन्ही डोळ्यांची खात्री असते की शेजारच्याला दिसतंय ते चूक!

आमचा स्टुडिओ कोल्हापूरजवळच्या उचगावात, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर. माणसं तीन. मालक आण्णा, लग्नांचं शूटिंग करून केस पांढरे झालेले. संग्राम कलरिस्ट, म्हणजे शूट झालेल्या व्हिडिओचे रंग सुधारणारा. हा पुण्यात शिकून आलाय आणि ते विसरू देत नाही. आणि मी वैशाली, एडिटर. माझ्या तोंडून ‘मी आलो’, ‘मी गेलो’ ऐकलंत तर दचकू नका, आमच्याकडं बायका अशाच बोलतात.

आण्णांची इच्छा एकच. “पिक्चर आपल्या मातीत शूट हुत्यात आन् रंगायला पुण्या-मुंबईला जात्यात. एक तरी पिक्चर हितं रंगू दे, मग मी गेलो तरी चालंल!” हे ते दर चहाला म्हणायचे. त्यासाठी त्यांनी महागडा मॉनिटर आणला, खोली बांधली आणि संग्रामला कामाला लावलं. संग्राम म्हणाला, सगळ्यात आधी कलर मॅनेजमेंट. म्हणजे आपल्या स्क्रीनवर जो लाल दिसतो, तोच लाल टीव्हीवर, थिएटरात, सगळीकडं दिसला पाहिजे, याचा बंदोबस्त.

आण्णांना ते मनापासून पटलं. “म्हंजे आपला लाल कुठंबी गेला तरी लालच ऱ्हायला पायजे. बरोबर हाय की! माणसानं बी तसंच ऱ्हावं.”

*

बंदोबस्त भिंतीपासून सुरू झाला. रंगाच्या खोलीच्या भिंती राखाडी लागतात. भिंत हिरवी असली तर डोळा फसतो आणि स्क्रीनवरचा माणूस उगाच लाल वाटायला लागतो.

संग्रामनं रंगाऱ्याला चारदा बजावलं, “सगळं राखाडी. छतसुद्धा.” रंगाऱ्यानं मान हलवली, पण तोंड असं केलं की जणू याच्या घरात कुणी तरी गेलंय. आण्णासुद्धा कुरकुरले, “नव्या जागंला राखाडी? सुतक असल्यागत?” शेवटी मीच दोघांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दार उघडलं. भिंती अगदी हव्या तशा, सुंदर राखाडी. आणि चारी बाजूंनी, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, वीतभर रुंदीचा पोपटी पट्टा!

संग्राम नखानं पट्टा खरवडून बघायला लागला. रंगारी मात्र खुशीत हात पुसत उभा होता. “एवढ्या तरण्या पोराच्या खोलीला नुसतं राखाडी बघवंना वं. पट्ट्याचं काय देऊ नगासा, त्यो माझ्याकडनं!”

*

पट्टा राखाडी करून घेतल्यावर पहिलंच मोठं काम पेठ वडगावच्या लग्नाचं. आता चांगले कॅमेरे व्हिडिओ मुद्दाम फिकट रेकॉर्ड करतात, म्हणजे नंतर रंग काढायला जागा राहते. हे आम्हाला ठाऊक. नवरीच्या वडिलांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. स्टुडिओ वाटेवर होता म्हणून ते सहज डोकावले आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर लेकीचं लग्न चाललेलं.

बराच वेळ बघून ते म्हणाले, “का वं, लगीन मे महिन्यात लागलंतं. धुकं कुठनं आलं?”

संग्रामला शिकवायला फार आवडतं. त्यानं फिकट व्हिडिओचं सगळं शास्त्र सांगितलं, मग नाटकी थाटात एक बटण दाबलं. शालू लालभडक झाला, झेंडू पेटले, मांडव झळकला. पाहुणे खूश! मग ते विचारात पडले.

“लई भारी. पर मग हे बटण लग्नाच्या दिवशीच का दाबलं न्हाईसा? आमची माणसं आठ दिस वाट बघाय लागलीत.”

संग्रामनं ते बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

*

त्या बटणामागं जी तयार रंगाची फाइल असते, तिला आमच्या धंद्यात ‘लट’ म्हणतात. इंग्रजी अक्षरं तीनच, एल, यू, टी. पण आण्णांनी ती स्वतः वाचली आणि स्वतःच उच्चार ठरवला, ‘लूट’. आम्ही किती सांगितलं, काही उपयोग नाही. त्यांचा आवाज तर असा की फोन नसता तरी चाललं असतं.

एकदा ते एसटीनं गडहिंग्लजला एका लग्नाच्या शूटिंगला चालले होते. गाडी गच्च भरलेली. संग्रामनं फोन केला, वडगावच्या लग्नाची लट गडहिंग्लजच्या कामालाही लावू का म्हणून. आण्णा सुरू झाले.

“अरं, वडगावच्या लग्नात लूट झक्कास झाल्ती! कुणाला पत्ता तरी लागला काय? तीच पद्धत हितं! … व्हय, मी आत्ता गडहिंग्लजलाच निघालोय. उद्या लगीन हाय. पहिल्यांदा नवरीकडनं लूट लावायची, मग नवऱ्याकडनं. … न्हाय न्हाय, हळदीची लूट येगळी ठेव, मिसळू नगंस!”

आण्णांनी फोन ठेवला. शेजारच्या आजीनं गळ्यातली बोरमाळ पदराखाली सारून पदर दातात धरलेला. पुढच्या सीटवरचे दोघं उभं राहणं बरं म्हणून उठलेले. कंडक्टर हळूच जवळ आला.

“पावणं, लगीन कुणाच्यात हाय म्हणालासा?”

आण्णांनी आपल्या स्टुडिओचं कार्ड दिलं. कंडक्टरनं ते पोलिसांना दाखवण्यासाठी जपून ठेवलं, असं मी म्हणतो. आण्णा म्हणतात, त्याला पोरीच्या लग्नाचं शूटिंग करायचं असेल!

*

मग एक गुऱ्हाळवाले आले. गुळाची जाहिरात करायची होती. संग्रामनं गुळाच्या ढेपेचा रंग असा जुळवला की स्क्रीनला जीभ लावावीशी वाटावी. पिवळाधमक, सोन्यासारखा.

गुऱ्हाळवाल्यांनी डोळे बारीक केले. “झ्याक हाय. ही बाजारासाठी ऱ्हाऊ दे. पर एक दुसरी पायजे, पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी. तिकडची माणसं पिवळा गूळ बघितला की औषध मारलंय म्हणत्यात.”

“मग काय करू?” संग्रामनं विचारलं.

“हाच गूळ जरा सेंद्रिय करा की!”

मी तोंडावर ओढणी धरून बाहेर पळालो. परत आलो तोवर संग्राम त्यांना सांगत होता की खतं-औषधं मॉनिटरमधून काढता येत नाहीत. त्यावर ते म्हणाले, “मग एवढं पुण्यात शिकून काय केलासा?”

*

हॉटेलवाल्या मामांची गोष्ट जरा निराळी. माणूस प्रामाणिक. त्यांच्या तांबड्या रश्श्याची जाहिरात आम्ही केली आणि त्यांना रंग पटेना. “लई लाल दावलासा तर लोक म्हणत्यात रंग टाकलाय. केशरी दावलासा तर म्हणत्यात तिखट न्हाय. आमचा आहे तस्सा दावा.”

“आहे तसा म्हणजे कसा?”

दुसऱ्या दिवशी मामा किटलीभर रस्सा घेऊनच आले. वाटीत ओतला, वाटी मॉनिटरला लावून धरली. आता आमच्या खोलीतला दिवा ठराविक पांढरा आणि मंद, रंग तपासायला असतो तसा. त्या उजेडात खरा रस्सा बिचारा स्क्रीनवरच्या रश्श्यापुढं फिका पडला. मामांचा चेहरा बघवेना.

“आरं, ह्या खोलीत माझा रस्साच आळणी दिसतोय!”

ते एकदम हादरले होते, माझीच चूक असल्यागत मला वाईट वाटलं. मी म्हणालो, “मामा, दिव्याचा दोष हाय. चवीवरनं ठरवूया की.” मग भाकरी मागवल्या. संग्रामनं एक वाटी बघून रंग थोडा खाली घेतला, आण्णांनी दुसरी वाटी बघून थोडा वर घेतला, मी तिसरी बघितली. बघता बघता किटली रिकामी. मामांनी पुन्हा स्क्रीनकडं पाहिलं, रिकाम्या वाटीकडं पाहिलं आणि म्हणाले, “आता जुळला.”

जुळणारच! शेजारी ठेवायला खरा उरला होता कुठं?

*

आता खरा किस्सा. तो सांगायला आण्णांनी बराच काळ बंदी घातली होती.

पुण्याच्या एका दिग्दर्शक मॅडमनी आमचं काम कुठं तरी पाहिलं आणि फोन केला. त्यांचा सिनेमा पुरा व्हायला आला होता, रंग करायचे होते. अट एवढीच. एक सीन आमच्याकडं करून बघायचा, मग तो कोल्हापुरातल्या थिएटरात सकाळच्या खेळाआधी लावायचा. तिथं तसाच दिसला, तर अख्खा सिनेमा आमचा. आण्णा फोनवर नुसतं “व्हय, व्हय” म्हणत राहिले आणि फोन ठेवून गॅलरीत गेले. ते डोळे पुसत होते हे आम्ही पाहिलं नाही असं ठरवलं.

मॅडम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. आधी आली खंडेनवमी. त्या दिवशी सुतार करवतीला पुजतो, शेतकरी नांगराला पुजतो, आम्ही कॅमेऱ्यांना पुजतो. आण्णांनी पाटावर सगळं मांडलं. कॅमेरे, लेन्स, हार्ड डिस्क, माझा कीबोर्ड. त्या वर्षी पूजा अंमळ जोरात होती, कारण तुम्हाला माहीतच आहे.

मॅडम आल्या त्या सकाळी संग्रामनं मॉनिटर नव्यानं मोजून घेतला. त्यासाठी मुठीएवढं एक यंत्र असतं. ते स्क्रीनला टेकवून लटकवायचं, ते आपल्या भिंगातून रंग बघतं आणि जे चुकलंय ते मॉनिटरला दुरुस्त करायला लावतं. त्या यंत्रानं तपासलं, दुरुस्त केलं, पुन्हा तपासून हिरवी खूण दिली. आपणच पेपर काढला, आपणच तपासला, आपणच पास!

सीन होता तेराव्याचा. नवरा गेलेली एक बाई, भोवती पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका. त्या तिचं कुंकू पुसायला पुढं होतात आणि ती पुसू देत नाही. बस, एवढंच. सगळ्या सीनमध्ये रंग असा एकच, तिच्या कपाळावरचा लाल. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “बाकी सगळं विझलेलं हवं. तो लाल तेवढा जिवंत.”

पण स्क्रीनवर पांढरी लुगडी सारखी निळसर दिसत होती. मॅडम म्हणाल्या, “फार थंड वाटतंय.” संग्रामनं ऊब वाढवली. “अजून थोडी.” अजून वाढवली. संध्याकाळपर्यंत सीन असा झाला की मी पाणी प्यायला उठलो तो दारातच थांबलो. मॅडम खूश होत्या. आण्णा तर हवेत.

दुसऱ्या सकाळी थिएटरात आम्ही चौघंच. दिवे गेले, सीन सुरू झाला.

सगळं पिवळं! लुगडी पिवळी, भिंती पिवळ्या, माणसं नखशिखांत पिवळी. तो जिवंत लाल कुठं तरी नारंगी होऊन बुडालेला.

सीन संपला, मॅडम आण्णांकडं वळल्या. मग म्हणाल्या, “आण्णा, हा तेरावा आहे. हळद नाही.”

आम्ही गाडीनं परत निघालो. आण्णा पुढच्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. त्यांच्या मानेकडं बघून मला रडू येत होतं आणि संग्रामचा संतापही येत होता. स्टुडिओत आल्यावर मॅडमनी हार्ड डिस्क उचलली, बॅगेत ठेवली. “वाईट वाटून घेऊ नका. मी पुण्यातच करते.” आण्णा म्हणाले, “बरोबर हाय, म्याडम.” एवढं हळू बोललेले आण्णा मी कधी ऐकले नव्हते.

आणि तेवढ्यात आतून संग्रामची हाक आली. तो मोजायचं यंत्र हातात घेऊन बाहेर आला, उजेडात धरून उलटं केलं.

“आण्णा! ह्याच्या डोळ्यात हळदी-कुंकू कुणी घातलं?”

यंत्राच्या भिंगावर, बरोबर मधोमध, आण्णांच्या अंगठ्याएवढी हळद आणि वर कुंकू. खंडेनवमीचं. त्या बिचाऱ्याला सगळं जग पिवळं दिसत होतं, म्हणून त्यानं मॉनिटर निळा करून ठेवला. निळा दिसला म्हणून आम्ही सीन पिवळा केला!

आण्णा उसळले. “डोळ्यात कशाला घालीन? कपाळाला लावलंय! आता त्येचं कपाळ कुठलं आन् डोळा कुठला, मला काय ठावं?”

मला हसू आवरेना. मॅडम बॅगेची चेन धरून तशाच उभ्या होत्या. संग्राम वैतागून कापसाचा बोळा ओला करून घेऊन आला आणि भिंग पुसायला लागला, तसं आण्णांनी ते यंत्र त्याच्या हातातून ओढून पोटाशी धरलं.

“ए! कुंकू पुसत नसत्यात!”

“आण्णा, अहो मशीन हाय ते!”

“असू दे. एकदा लावलं की लावलं. म्हागाचं असंल तर असंल, मी दुसरं आणतो. ह्येचं मी कुणाला पुसू देणार न्हाय!”

खालच्या दुकानात कुणी तरी ट्रॅक्टर सुरू करून बघत होतं.

मॅडमनी बॅगेची चेन उघडली. हार्ड डिस्क काढली आणि टेबलावर ठेवली.

“दुसरं कधीपर्यंत येईल, आण्णा?”