पुंजाजीदादाच्या मोटारीचा लेप

माझा थोरला भाऊ पुंजाजी रोज सकाळी मोटारीच्या बॉनेटवरून हात फिरवायचा आणि तळहात बघायचा. तळहाताला चुन्यासारखं पांढरं लागलेलं असायचं. मग तो हात पँटीला पुसायचा आणि म्हणायचा, "उतरून राह्यला वो रंग." कोणाला सांगायचा कोण जाणे. मी अंगण झाडत असायचे, वहिनी चुलीपाशी असायची. आमची कामं चालूच राहत.

आम्ही शिरपूरला राहतो. मी त्याची धाकटी बहीण. आमचं आणि त्याचं घर शेजारीशेजारी, मध्ये फक्त एक बोळ. दादाने तरुणपणी अकोल्याला एका डॉक्टरांची मोटार चालवली. डॉक्टर म्हातारे झाले तेव्हा त्यांनी ती पांढरी अॅम्बेसिडर दादालाच दिली, पगारातून थोडेथोडे पैसे कापून घेऊन. आमच्या वस्तीत आलेली ती पहिली मोटार. बाबांनी जन्मभर दुसऱ्याची बैलगाडी हाकली होती. मोटार आली तेव्हा ते नव्हते. मी त्या दिवशी बुद्धवंदना म्हणताना दोन मेणबत्त्या लावल्या, एक त्यांच्या नावाची.

दादाचं पोट एका कामावर होतं. वाशीमच्या स्टेशनवर जैन यात्रेकरू उतरत. त्यांना शिरपूरच्या मंदिराला आणायचं आणि दर्शन झालं की परत पोचवायचं. हे काम धर्मशाळेचे मुनीमजी देत. पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ते दादाला म्हणाले, "पुंजाजी, माणूस तू चांगला. पण गाडीची हालत बघ. मुंबईचे लोक येतात, असल्या गाडीत बसायला कचरतात. दुसरा एक जीपवाला माझ्या मागे लागला आहे. दिवाळीपर्यंत बघतो."

रंग का उतरला हे आम्हाला दिसत होतं. मोटार दिवसभर स्टेशनच्या उन्हात नाहीतर मंदिराबाहेर उन्हात उभी, घरी आली की निंबाखाली. निंबावरचे कावळे रात्रभर तिच्यावर घाण करायचे. दादा सकाळी ती खरवडून काढायचा, आणि ती जाताना थोडा रंगही घेऊन जायची. सगळी मोटार नव्याने रंगवायची ऐपत नव्हती. मागचा एक टायरही गुळगुळीत झाला होता. त्याच्यासाठी वहिनीने पैसे बाजूला ठेवले होते.

त्याच सुमारास अकोल्याहून एक एजंट सायकलवर आला. गळ्यात टाय, पिशवीत बाटल्या. म्हणाला, हा परदेशी लेप आहे, एकदा लावला की पाच वर्षं रंगाला ऊन लागणार नाही, पाणी लागणार नाही. बॉनेटच्या एका कोपऱ्यात त्याने थोडासा चोळला आणि वहिनीकडून तांब्याभर पाणी मागून ओतलं. अळूच्या पानावरून ओघळावं तसं पाणी ओघळून गेलं. दादा ते बघतच राहिला.

मी म्हटलं, "साहेब, इतका चांगला लेप हाय, तं तुमच्या सायकलले काहून नाही लावला? जंगून गेली ना ते."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. एजंटही हसला. म्हणाला, "बाई, सायकल माझी नाही, कंपनीची आहे."

"वच्छे, चूप बस," दादा म्हणाला. "तुले काय समजते त्यातलं."

बाटलीची किंमत टायरएवढी होती. वहिनी घरात गेली आणि पैसे आणून दादाच्या हातावर ठेवले. एवढंच म्हणाली, "टायर फुटला तं लोकं मरतीन. रंग उडाला तं कोनी मरत नाही. तरी घ्या. तुमचं मन तिथंच हाय."

दोन दिवस आम्ही तिघं ती मोटार चोळत होतो. माझे खांदे भरून आले. पण चमक आली, खोटं कशाला बोलू. मुनीमजींनीही बघितलं आणि मान डोलावली. पावसाळाभर पाणी ओघळत राहिलं. भाद्रपद सरत आला तेव्हा एके सकाळी दादाने हात फिरवला, तळहात बघितला आणि पँटीला पुसला. पुन्हा पांढरं.

नंतर कळलं ते असं, की लेप चांगल्या रंगाला धरतो. आमचा रंग आधीच भुगा झाला होता. त्या भुग्यावर लेप लावला, आणि भुग्यासोबत तोही निघून गेला. एजंटने हे सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्ही पाणी ओघळताना बघत बसलो.

दिवाळी जवळ आली. दुसरी बाटली घेणं शक्य नव्हतं. तेव्हा दादाला बाबा हाकायचे ती बैलगाडी आठवली. बाबा दरवर्षी मृगाच्या आधी गाडीच्या सगळ्या लाकडाला जवसाचं तेल पाजायचे. लाकूड तेल पिऊन घ्यायचं, मग पावसाचं पाणी आत जात नसे. दादाने घाणीवरून जवसाचं तेल आणलं.

वहिनी म्हणाली, "अवो, ते लाकूड होतं. हे लोखंड हाय. लोखंड कुठी तेल पिते?"

"बाबाची गाडी वीस वर्सं चालली," दादा म्हणाला.

तेल लावल्यावर मोटार खरंच नव्यासारखी दिसली. दुपारी तो स्टेशनवर गेला. तेल वाळलं नव्हतं. रस्ताभर धूळ त्यावर बसत गेली आणि वर पिवळट, चिकट साय धरली. परत आल्यावर धर्मशाळेपाशी मोटारीतून ललिताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. अंगावर पांढरंशुभ्र लुगडं. गुडघे दुखत होते म्हणून मोटारीला टेकून उभ्या राहिल्या. सरकल्या तेव्हा पाठीवर मातीचा, तेलाचा हा एवढा पट्टा.

मुनीमजी धर्मशाळेच्या पायरीवर उभे होते. ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "झालं पुंजाजी. आता उद्यापासून जीप."

दादा घरी आला आणि घासलेट आणि चिंध्या घेऊन मोटारीपाशी बसला. आम्ही दोघी जाऊन बसलो. तेल निघालं, त्याच्यासोबत उरलासुरला रंगही निघाला. खालचा करडा थर दिसायला लागला. मी पुसता पुसता मनात त्रिशरण म्हणत होते. दुसरं काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धर्मशाळेचा माणूस बोलवायला आला. ललिताबाईंना परत जायचं होतं आणि त्या जीपमध्ये बसायला तयार नव्हत्या. दादा गेला. करडी मोटार बघून मुनीमजींनी तोंड फिरवलं. ललिताबाईंनी दादाकडून गमछा मागून घेतला, आपल्या हाताने सीटवर अंथरला आणि म्हणाल्या, "मुनीमजी, येताना याच्या गाडीत मला एकदाही मळमळलं नाही. खड्डा दिसला की हा थांबतो. जीपवाला थांबेल का?"

मुनीमजींनी दादाकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. म्हातारी माणसं तू ने. बाकीचे जीपने."

म्हणजे निम्मं काम उरलं. निम्म्या कामात घर चालतं, ओढत चालतं. वहिनीने पुन्हा टायरचे पैसे बाजूला ठेवायला सुरुवात केली, आणि या वेळी टायरच आला. निंबाखाली उभी करण्याऐवजी दादा आता मोटार आमच्या दोन घरांमधल्या बोळात लावतो. तिथे दुपारनंतर सावली असते. आधी सुचलं असतं तर, असं कोणीच म्हणत नाही.

परवा शेलूबाजारचे एक जण नवी मोटार घेऊन आले होते. त्यांनाही तो लेपवाला भेटला होता. त्यांनी दादाला विचारलं, "पुंजाजी, लावू का नको? पैसे वसूल होतात का?"

दादाने त्यांच्या मोटारीवरून हात फिरवला आणि तळहात बघितला. स्वच्छ होता.

"तुमची नवी हाय. लावा वाटलं तं," तो म्हणाला. "पन पयले सावली करा."

मग आत येऊन भिंतीला टेकून बसला. वहिनीने चहा ठेवला.